जावयाबरोबर आलेली घोडी

नवरी सासरी जाताना रडते म्हणतात. मी घरजावई म्हणून सासरी निघालो तेव्हा रडलो नाही. माझ्या वतीनं माझी घोडी ट्रकमध्ये चढताना पुरेशी खिंकाळली.

मी धंद्यानं नालबंद. माझे वडील एका उंच, थंड, कोरड्या पठारावर घोडे पाळतात. तिथं वारा भरपूर, गवत बेताचं आणि बोलणं त्याहून बेताचं. सासऱ्यांकडे सगळं उलट. सखल दमट जमीन, कमरेला लागणारं गवत, आणि बोलणं तर उठल्यापासून दिवे मालवेपर्यंत. त्यांची घोडेस्वारी शिकवायची शाळा आहे. माझी बायको तिथं मुलांना शिकवते, सासूबाई घोड्यांचं खाणंपिणं बघतात आणि सासरे मत देतात. त्यांच्या जुन्या नालबंदाची पाठ धरली, नेमकं त्याच सुमाराला आमचं लग्न ठरलं. बोलणी चालू असताना त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, मुलगा नाल नीट ठोकतो ना? माझा स्वभाव कसा आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. फुकटात नालबंद मिळत असेल तर स्वभाव कोण बघतं.

निघताना वडिलांनी मला घोडी दिली. तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, आणि कुणी नुसतं मोठ्यानं बोललं तरी कान मागे टाकणारी. तिच्या आईची ती शेवटची पोर. "पुढे तिला शिंगरू व्हायच्या वेळी परत घेऊन ये," वडील म्हणाले. "पहिलं शिंगरू इथं जन्मू दे." माझे वडील वर्षभरात जेवढं बोलतात त्यातला मोठा हिस्सा त्यांनी त्या दिवशी माझ्यावर खर्च केला. ट्रकमध्ये चढवण्याआधी त्यांनी तिचं रक्त तपासून घेतलं होतं. त्यांच्याकडे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक घोड्याचं रक्त तपासलं जातं. आणि रक्तात काही सापडलेला घोडा त्यांच्या फाटकातून आत येत नाही, मग तो कुणाचा का असेना.

सासऱ्यांच्या मतांपैकी पहिलं मत असं की त्यांच्या पागेत गोचीड नाही.

आता रोज सकाळी खरारा करताना घरातलं प्रत्येक माणूस घोड्याच्या कानात, आयाळीखाली, शेपटीच्या बुडाशी हात घालून वाटाण्याएवढे फुगलेले गोचीड चिमट्यानं ओढून काढायचं आणि रॉकेलच्या डब्यात टाकायचं. डब्याचा तळ दिसायचा नाही. पण ते पागेतले गोचीड नव्हते. ते बाहेरून आलेले असत. काही शेजाऱ्याच्या कुत्र्याचे, काही गवताच्या गाडीतून उतरलेले, आणि एक तर पोस्टमनच्या पँटवरून आलेला सासऱ्यांनी स्वतः पाहिला होता. त्यांच्या पागेत जन्मून तिथंच मोठा झालेला असा गोचीड त्यांना आयुष्यात भेटला नव्हता.

मी ट्रकमधून घोडी उतरवली तेव्हा ते हात मागे बांधून तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"जावईबापू," ते म्हणाले, "घोडी देखणी आहे. पण बाहेरची आहे."

"हो बाबा," मी म्हणालो. मीही बाहेरचाच होतो, पण ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. तेवढी सभ्यता त्यांच्यात आहे.

"बाहेरच्या घोड्याला आम्ही आधी वेगळं ठेवतो. त्याच्या अंगात काय असेल सांगता येत नाही. आमचे घोडे जपायला हवेत."

यात मला काही वावगं वाटलं नाही. माझे वडीलही नव्या घोड्याला वेगळंच ठेवतात. फरक एवढाच की सासऱ्यांकडचं वेगळं ठाण पागेच्या अगदी टोकाला होतं, जुन्या दगडी भिंतीला लागून. भिंतीच्या भेगांत माझं बोट जायचं. मागच्या बाजूला गवत इतकं माजलं होतं की ते खिडकीतून आत डोकावायचं. आणि या घराची एक रीत होती. नव्या घोड्याला एकटं वाटू नये, आणि घरची शिस्तही लागावी, म्हणून पागेतला सर्वांत जुना घोडा त्याच्या शेजारी बांधायचे. त्याला सगळे पंतोजी म्हणत. पोट सुटलेलं, तोंड पांढरं पडलेलं, आणि चेहऱ्यावर जन्मभर पोरांना पाठीवरून फिरवल्याचा कंटाळा.

"पंतोजींच्या शेजारी राहिलं की कसलंही घोडं सुतासारखं सरळ होतं," सासरे म्हणाले. "यांच्या तरुणपणी यांना एकदा असा ताप चढला होता की सगळ्यांनी आशा सोडली होती. मी हातानं पाणी पाजून उठवलं. त्यानंतर आजतागायत शिंक नाही."

म्हणजे माझी घोडी सासऱ्यांच्या घोड्यांपासून वेगळी ठेवायची म्हणून सासऱ्यांच्याच एका घोड्याच्या अंगाला अंग लावून बांधली गेली. हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी नुकताच आलेला जावई होतो आणि आलेल्या चहाला नाही म्हणायचीही माझी हिंमत नव्हती.

काही आठवडे बरे गेले. पंतोजींनी घोडीला शिस्त लावली ती एवढीच की चंदीची बादली आली की आधी आपण तोंड घालायचं. मी रोज तिच्या कानांतून, मानेवरून गोचीड काढायचो. पठारावर मी असे गोचीड कधी पाहिले नव्हते, आणि घोडीनंही नाही. सुरुवातीला ती प्रत्येक गोचिडाला पाय आपटायची, नंतर तिनं नाद सोडला.

मग एका सकाळी तिनं चंदीला तोंड लावलं नाही. पंतोजींनी तिचा वाटा संपवला तरी ती मान खाली घालून उभी राहिली. कातडी हाताला तापलेली लागत होती. नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या. दुपारपर्यंत तिचे मागचे पाय सुजले.

सासऱ्यांनी पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली. ती खरी काळजी होती, ते मान्य करायला हवं. पण त्यांच्या काळजीबरोबर लगेच मतही येतं.

"मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "बाहेरून घेऊन आली."

संध्याकाळपर्यंत हे घरभर झालं. दुसऱ्या दिवशी मुलांना सोडायला आलेल्या आयांनाही कळलं. जावयाची घोडी आजार घेऊन आली आहे, पण काळजी नको, वेगळी बांधली आहे. एका बाईनं तर घोडीकडे पाहायचं सोडून माझ्याकडेच पाहिलं आणि मुलाला जवळ ओढलं. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. त्या घरात माझा म्हणावा असा एकच जीव होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं म्हणून सगळे त्याच्यावर ढकलत होते.

सासऱ्यांनी माझ्या वडिलांना फोन लावला. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो आणि दोन्हीकडचं बोलणं सगळं घर ऐकतं.

"व्याही, तुम्ही फसवलंत असं मी मुळीच म्हणत नाही," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढची बरीच मिनिटं तेच म्हणत राहिले. घोडी आजारीच दिली असावी, प्रवासात आजार उफाळला असावा, त्यांच्याकडचे घोडे कधी आजारी पडत नाहीत, त्यांच्या पागेत गोचीडसुद्धा नाही.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "तिचं रक्त निघताना स्वच्छ होतं," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "प्रवास झेपेल तेव्हा परत पाठवा. मी बघतो तिचं."

"तेच बरं," सासरे म्हणाले.

मी तिथंच उभा होतो. घोडी परत जाणार असेल तर मीही तिच्याबरोबर जाणार, हे मी तिथल्या तिथं ठरवलं. पोचवून परत येईन की नाही, ते मी बायकोला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. पण त्या दिवसांत ती माझ्याकडे लंगडणाऱ्या घोड्याच्या पायाकडे बघावं तसं बघायची, नेमकं कुठे दुखतंय याचा अंदाज घेत.

पण आधी घोडी जगायला हवी होती. बायकोनं तिच्या धाकट्या बहिणीला बोलावलं.

माझी मेहुणी जनावरांची डॉक्टर आहे. आसपासच्या सगळ्या गायी, कुत्री, शेळ्या तिच्या हातच्या औषधावर जगतात. फक्त वडिलांच्या पागेत तिला डॉक्टर म्हणून प्रवेश नव्हता. तिनं घोड्याच्या खुराला हात लावला की सासरे म्हणायचे, लहानपणी तू याच्या पाठीवरून पडली होतीस. याच्यापुढे कुठल्याही पदवीचं काही चालत नाही.

ती आली, घोडीच्या ओठाखाली अंगठा घालून हिरड्या पाहिल्या. त्या आधी पांढऱ्या पडल्या होत्या आणि आता कडेनं पिवळ्या दिसत होत्या. घोडीनं मुतलं ते गडद, तांबूस. मेहुणीनं कानात बोट घालून एक फुगलेला गोचीड काढला आणि वडिलांच्या समोर धरला.

"शेजाऱ्याच्या कुत्र्याचा," सासरे म्हणाले.

"कुत्रा हिच्या कानात शिरला होता वाटतं," मेहुणी म्हणाली.

तिनं मानेच्या शिरेतून रक्त काढलं, एक थेंब काचेवर पसरला, रंग दिला आणि गाडीतून सूक्ष्मदर्शक काढून सरळ स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. सासूबाईंनी पीठ बाजूला सरकवलं. मेहुणी बराच वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, "या भाऊजी, बघा."

मी पाहिलं. फिकट गुलाबी गोल गोल ठिकऱ्या, आणि काहींच्या आत जांभळे बारीक ठिपके. एका ठिकाणी तर चार ठिपके एकत्र, चार पाकळ्यांचं फूल काढावं तसे. मला ते सुंदर वाटलं आणि लगेच त्याचा राग आला.

"हे जंतू रक्ताच्या पेशीत शिरतात, आत वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात," मेहुणी म्हणाली. "म्हणून ती पांढरी पडली, म्हणून मूत लाल. गोचिडाच्या तोंडातून येतात हे. दुसरा रस्ता जवळपास नाही."

"मला बघू," सासरे म्हणाले. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. "मला तर काहीच दिसत नाही."

"बाबा, डोळा उघडा."

त्यांनी डोळा उघडला. मग ते टेबलापासून बाजूलाच होईनात. सासूबाईंना पिठाला जागा हवी होती म्हणून शेवटी त्यांनीच त्यांना हलवलं.

मेहुणीनं इंजेक्शन दिलं. आधीच सांगून ठेवलं की या औषधानं घोडीला घाम फुटेल, लाळ गळेल, पोटात मुरडा येईल, घाबरू नका. तसंच झालं. मी तिच्या मानेला धरून उभा राहिलो, बायको दुसऱ्या बाजूला. सासरे पागेच्या दारात उभे राहून आम्हाला सूचना देत होते, आणि एकही सूचना कामाची नव्हती, पण ते हलले नाहीत. संध्याकाळी तिचा श्वास संथ झाला. पुढे आणखी एकदा औषध झालं. ताप उतरला, सूज ओसरली, आणि मग एका सकाळी पंतोजींनी सवयीनं तिच्या बादलीत तोंड घातलं तर घोडीनं त्यांच्या मानेला चावा घेतला. मी तिच्या गळ्यात पडलो. माझ्या लग्नात मी इतका खूश नव्हतो, हे मी बायकोला सांगून टाकलं. तीही म्हणाली, मला दिसलंच होतं तेव्हा.

आता प्रश्न उरला तो आजार आणला कुणी.

"घोडी बरी झाली, उत्तम झालं," सासरे जेवताना म्हणाले. "आता तिला तिच्या घरी पाठवायची. आमच्या घोड्यांना लागायच्या आत."

"तुमच्या घोड्यांना लागलेला नाही कशावरून?" मेहुणीनं विचारलं.

"अगं, ते ठणठणीत आहेत. बघ तरी त्यांच्याकडे."

"बघून कळत नाही बाबा. रक्त तपासावं लागतं. सगळ्यांचं."

"माझ्या निरोगी घोड्यांना सुया टोचायच्या? कशासाठी? ही बाहेरून घेऊन आली, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"मग तपासून घ्यायला काय हरकत आहे? स्वच्छ निघाले तर तुमचं म्हणणं खरं ठरेल."

सासरे अडकले. स्वतःचं म्हणणं खरं ठरण्याची संधी ते सहसा सोडत नाहीत, पण सुईचं नाव काढलं की घोड्यांआधी तेच घाबरतात. ते सासूबाईंकडे पाहू लागले.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "घे गं रक्त. पहिलं यांचं घे, म्हणजे घोड्यांना धीर येईल."

त्यावर वाद संपला.

सगळ्या घोड्यांचं रक्त काढायला एक अख्खी सकाळ गेली. लहान तट्टू मला दोरीसकट अंगणभर ओढत फिरलं. पांढरी घोडी सुई दिसताच मटकन बसली, आणि तिच्याशेजारी सासरेही बसले. पंतोजी मात्र ढिम्म उभे होते. सुई शिरली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. सासरे अभिमानानं म्हणाले, "बघा. याला म्हणतात शिस्त." नळ्या मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या आणि आम्ही उत्तराची वाट पाहू लागलो.

त्या दिवसांत मी मनातल्या मनात बऱ्याच गोष्टी ठरवून ठेवल्या. घोडे निर्दोष निघाले तर मी घोडीला घेऊन निमूट निघून जाणार होतो. दोषी निघाले तर, आणि ते निघणारच होते, मी घोडीला सगळ्यांसमोरून, त्या मुलाला जवळ ओढणाऱ्या बाईसमोरून, ताठ मानेनं ट्रकमध्ये चढवणार होतो. दोन्ही बाजूंनी मी ट्रकमध्येच जाऊन बसत होतो, याकडे माझं लक्ष गेलं नाही.

उत्तर घेऊन मेहुणी स्वतः आली. चहा झाला, तरी तिनं सांगितलं नाही. मग सासऱ्यांनीच विचारलं, "काय मग?"

"सगळ्यांच्या रक्तात आहे, बाबा."

"कुणाच्या सगळ्यांच्या?"

"आपल्या. सगळ्या घोड्यांच्या. तट्टूच्यासुद्धा."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे हिनं सगळ्यांना दिला."

"नाही. ते याच्याबरोबर मोठे झालेत. इथली शिंगरं लहानपणीच हे झेलतात, थोडा ताप येतो, निभावून नेतात, आणि मग जन्मभर अंगात बाळगून मजेत फिरतात. पंतोजींना तरुणपणी चढला होता तो ताप हाच असणार. तुम्ही त्यांना वाचवलंत, पण तो अंगातून गेला नव्हता. गोचीड त्यांना चावतो आणि मग शेजाऱ्याला. हिच्या अंगानं असलं काही कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून ही एवढी आजारी पडली." मग जरा हळू म्हणाली, "आणि तुम्ही हिला ठेवलंत कुठं? गोचीड दडतात त्या भेगांच्या भिंतीला लावून. आणि शेजारी कोण?"

"शिस्त लागावी म्हणून…" सासरे म्हणाले आणि त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. लग्न झाल्यापासून त्यांचं अर्धवट राहिलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मला आनंद झाला. तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. मी ताठ बसलो, आणखी एक कप चहा मागून घेतला, आणि शक्य तेवढ्या सहज आवाजात मेहुणीला विचारलं, "मग आता तिला केव्हा न्यायची? प्रवास झेपेल ना?"

मेहुणीनं बहिणीकडे पाहिलं. दोघींना आधीच माहीत होतं, हे मला त्या पाहण्यातून कळलं.

"भाऊजी, प्रवास झेपेल," ती म्हणाली. "पण तिला आता परत नेता येणार नाही."

"का? बरी झाली ना?"

"जीव वाचला. रक्तातून तो मुळापासून जाईल असं औषधाच्या भरवशावर कुणी सांगू शकत नाही. बहुतेक तो राहतोच. ती आता या पागेतल्या बाकीच्यांसारखी झाली. ठणठणीत दिसेल, राहीलही, पण रक्तात असणार. तुमच्या वडिलांचे सगळे घोडे कोरे आहेत. ट्रकच्या फळीत दोन गोचीड लपून गेले तरी पुरे. हिचं जे झालं ते तिथल्या प्रत्येकाचं होईल."

ती पुढेही काही सांगत होती, पण मला वडिलांचं फाटक दिसत होतं. त्या फाटकाचा नियम मला पाठ होता. लहानपणी मीच रक्ताच्या नळ्या हातात धरून उभा राहायचो. माझ्या घोडीसाठी तो नियम मोडा, असं मी त्यांना कधी म्हणू शकलो नसतो, आणि ते माझ्यासाठी मोडतीलही, याची मला भीती वाटली. मी खरा ठरलो होतो. घोडी निर्दोष होती. आणि ती घरी कधीच जाणार नव्हती.

चहा पुढ्यात तसाच राहिला.

मग सासरे उठले आणि त्यांनी फोन लावला. कुणी सांगितलं नव्हतं.

"व्याही," ते म्हणाले, आणि पुढचं काही केल्या येईना. एरवी आम्हाला त्यांना थांबवावं लागतं. "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. घोडी तुमच्याकडून चांगलीच आली होती. आजार आमच्या घरचा होता. मीच तिला त्यात बांधली."

पलीकडे वारा ऐकू येत होता.

"खाते का?" वडिलांनी विचारलं.

"खाते. चंदी सगळी संपवते. पंतोजींना चावते."

"मग झालं."

"झालं नाही ना," सासरे म्हणाले, आणि त्यांनी पुढचंही सांगितलं. मेहुणीनं सांगितलं होतं तसंच, एक शब्द न वाढवता. कुठं त्यांनी स्वतःचं मत घातलं नाही.

"बरं," वडील शेवटी म्हणाले. ते "बरं" काय होतं ते त्या खोलीत फक्त मला कळलं. मग त्यांनी फोन ठेवला.

मी पागेत गेलो. बायको मागोमाग आली. घोडी गवत खात होती आणि आमच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"तू जाऊ शकतोस," बायको म्हणाली. "तुझं रक्त कुणी तपासणार नाही."

"एकटा?"

"एकटा."

मी घोडीच्या कानात हात घातला. आत एक गोचीड होता, मी तो काढला. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. "तट्टूचे पुढचे नाल ढिले झालेत," मी म्हणालो. "उद्या बसवायला हवेत." बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही तसेच उभे राहिलो.

परत स्वयंपाकघरात आलो तर सासरे अजून फोनजवळच बसलेले. माझे डोळे त्यांनी पाहिले. मग त्यांनी मेहुणीला विचारलं, "हा ताप माणसाला लागतो का?"

"नाही बाबा. हा घोड्यांचा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पुन्हा फोन लावला. "व्याही, मीच. घोडी तुमच्याकडे येऊ शकत नाही. पण तुम्हाला इकडे यायला कुणाची ना आहे? शिंगरू होईल तेव्हा या. चांगले महिनाभर राहा. तुमच्या डोळ्यांसमोर जन्मू दे त्याला."

माझे वडील पठार सोडून कुठं जात नाहीत. माझ्या लग्नालाही ते आले ते एका दिवसापुरते, आणि तेही घोड्यांना कुणी पाणी पाजलं असेल का, याच काळजीत. मी नकाराची वाट पाहत उभा राहिलो.

"तिकडे गोचीड असतील," वडील म्हणाले.

सासूबाईंचा पीठ मळणारा हात थांबला. मेहुणीनं वर पाहिलं. सासऱ्यांनी आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही.

"आहेत," ते म्हणाले. "माझ्या पागेत आहेत. पुष्कळ आहेत. तुम्ही आलात तर काढायला आणखी दोन हात होतील."

पलीकडून माझे वडील हसल्याचा आवाज आला.

"येतो," ते म्हणाले. "माझा चिमटा घेऊन येतो."